दुरुस्ती करून न देणारी कार्यशाळा: लॉस एंजेलिसच्या ‘बायसिकल किचन’चे प्रकरण

लॉस एंजेलिसमध्ये २००२ साली सुरू झालेल्या ‘बायसिकल किचन’ या सामुदायिक सायकल कार्यशाळेचा विचार करताना तिथला एक नियम आधी समजून घ्यावा लागतो, कारण तिचे यश आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ त्या नियमात आहे. बिघडलेली सायकल घेऊन येणाऱ्याला तिथे सायकल टांगण्यासाठी स्टँड मिळतो, हत्यारे मिळतात, जुन्या सुट्या भागांचे डबे धुंडाळता येतात आणि शेजारी उभे राहून समजावून सांगणारा स्वयंसेवकही मिळतो. मात्र ज्याची सायकल, पाना त्याच्याच हातात राहतो. सायकल टाकून जावे आणि संध्याकाळी तयार घेऊन यावे, अशी सोय तिथे नाही. दुकानदारीच्या दृष्टीने हा व्यवहार उघडउघड आतबट्ट्याचा आहे. सराईत मिस्त्री पंधरा मिनिटांत उरकेल अशा कामाला नवशिक्याचा दीड तास जातो, तेवढा वेळ स्टँड अडकून राहतो आणि स्वयंसेवकही तिथेच खिळून राहतो. तरीही त्याच शहरात हायलँड पार्क भागात ‘बाइक ओव्हन’, पश्चिमेकडे ‘बाइकरोवेव्ह’ आणि सॅन फर्नांडो खोऱ्यात ‘व्हॅली बाइकरी’ अशा त्याच धर्तीच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. आतबट्ट्याचा हा व्यवहार का टिकला आणि तो कुणाच्या उपयोगी पडला, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो कुणाच्या उपयोगी पडला नाही, हा प्रश्नही त्यात ओघाने येतोच.

शहराची पूर्वपीठिका

लॉस एंजेलिस हे मोटारींचे शहर असल्याचे सगळेच सांगतात, पण ते मुळात तसे नव्हते. १९०० सालच्या पहिल्या दिवशी शेजारच्या पासाडेनात होरेस डॉबिन्स यांच्या पुढाकाराने केवळ सायकलींसाठी बांधलेला, लाकडी खांबांवर उचललेला एक मार्ग खुला झाला होता. पैसे भरून त्यावर सायकल चालवता येई. तो पुढे थेट लॉस एंजेलिसपर्यंत न्यायचा बेत होता. प्रत्यक्षात जेमतेम दोन किलोमीटर काम झाले आणि योजना बारगळली. त्याच दिशेने १९४० साली अरोयो सेको पार्कवे हा मोटारींचा जलदमार्ग झाला. दरम्यान शहराभोवती शेकडो मैल पसरलेले विजेच्या गाड्यांचे जाळे होते. त्यातल्या पॅसिफिक इलेक्ट्रिकची शेवटची गाडी १९६१ साली थांबली आणि १९६३ पर्यंत शहरातल्या ट्रामही गेल्या. त्यानंतरच्या तीस वर्षांत ज्याच्याकडे मोटार नाही तो बसवर अवलंबून राहिला, आणि बसवर अवलंबून असणारा माणूस बहुधा गरीब, बहुधा स्थलांतरित असे. भुयारी रेल्वे १९९३ साली सुरू झाली आणि व्हरमाँट ॲव्हेन्यूवरची बहुतेक स्थानके १९९९ साली उघडली. बायसिकल किचनची पहिली जागा आणि नंतरची जागा या स्थानकांपासून फार लांब नाहीत.

मोटारीशिवाय राहणाऱ्या माणसाची या शहरात काय अवस्था होते, हे किचन सुरू झाल्यानंतर पुढच्याच वर्षी दिसले. ऑक्टोबर २००३ मध्ये बस आणि रेल्वे चालवणाऱ्या महानगर परिवहन संस्थेच्या मेकॅनिकांनी संप पुकारला, चालकांनी त्यांना साथ दिली आणि पस्तीस दिवस शहराची सार्वजनिक वाहतूक जवळजवळ ठप्प झाली. कामावर पोहोचण्यासाठी लोक मैलोन्‌मैल चालले, ओळखीपाळखीच्या गाड्यांत दाटीवाटीने बसले, आणि काहींनी घराच्या मागे पडलेली सायकल बाहेर काढली. धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली की ती चालत नाही, हे वेगळे सांगायला नको: ट्यूब वाळलेली असते, साखळी गंजलेली असते, ब्रेकची तार अडकलेली असते.

स्वयंपाकघर ते हेलिओट्रोप

व्हरमाँट ॲव्हेन्यूजवळच्या बिमिनी प्लेसवर ‘लॉस एंजेलिस इको-व्हिलेज’ नावाची वसाहत आहे. १९९२ च्या दंगलींनंतर, १९९३ पासून, लॉइस आर्किन यांच्या प्रयत्नांतून ती आकाराला आली. जुन्या भाड्याच्या इमारती हळूहळू सामुदायिक मालकीकडे वळवायच्या आणि शहराच्या मध्यभागीच कमी साधनांत, शक्यतो मोटारीविना राहून दाखवायचे, अशी त्यामागची कल्पना होती. या वसाहतीतल्या एका वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात काही तरुण मंडळी संध्याकाळी एकमेकांच्या सायकली दुरुस्त करू लागली आणि कार्यशाळेला त्यावरूनच नाव मिळाले. स्वयंसेवकांना ‘कुक’ म्हणायची पद्धत पडली. आसपासची वस्ती मोठ्या प्रमाणावर स्पॅनिश बोलणारी असल्यामुळे ‘बिसिकोसिना’ हे नावही जोडीने चालत आले. २००५ च्या सुमारास कार्यशाळा हेलिओट्रोप ड्राइव्ह आणि मेलरोझ ॲव्हेन्यूच्या चौकाजवळच्या एका गाळ्यात, लॉस एंजेलिस सिटी कॉलेजच्या शेजारी आली, आणि नंतर तिथून फाउंटन ॲव्हेन्यूवर गेली.

सुटे भाग कुठून आले, याचेही उत्तर इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलींची लाट आली होती आणि १९७३ या एका वर्षात तिथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. त्यांतल्या असंख्य सायकली काही महिने चालून गॅरेजमध्ये जाऊन पडल्या. पोलादी चौकटीच्या, जपानी, फ्रेंच आणि अमेरिकी बनावटीच्या या सायकली तीस वर्षांनी कवडीमोलाने किंवा फुकट मिळू लागल्या. दुरुस्तीयोग्य जुना माल भरपूर आणि दुरुस्तीची माहिती दुर्मीळ, अशी ही परिस्थिती होती. नव्या सायकलीच्या दुकानांना या मालात रस नव्हता, कारण तासाभराची मजुरी लावली की दुरुस्तीचा खर्च सायकलीच्या किमतीच्या वर जाई.

उलटे आटे

पाना मालकाच्याच हातात ठेवण्याचा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका कामावरून नीट कळते. समजा, कुणी जुनी फ्रेंच रेसिंग सायकल घेऊन आला आहे आणि पॅडल मारताना मधून कट्‌कट्‌ आवाज येतो. दोष बहुधा बीबीत, म्हणजे ज्या आडव्या नळीतून पॅडलचा एक्सल जातो तिथे असतो: ग्रीस वाळलेले, छर्रे खडबडीत झालेले, कप (छर्रे धरून ठेवणारी, आट्यांनी बसणारी वाटी) झिजलेला. बीबी उघडायची तर दोन्ही बाजूंचे कप फिरवून काढावे लागतात. आपल्याकडेही ओळखीच्या असलेल्या इंग्लिश पद्धतीत डावीकडच्या कपाचे आटे सुलटे आणि साखळीच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या कपाचे आटे उलटे असतात. त्यामुळे उजवा कप सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जोर लावावा लागतो. जुन्या फ्रेंच चौकटींत मात्र दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असत. इंग्लिश सायकलीवर शिकलेला माणूस पेजोसारख्या कंपनीच्या जुन्या चौकटीवर सवयीने जोर लावू लागला, तर कप सुटण्याऐवजी अधिकच घट्ट बसतो, आणि लांब दांड्याचा पाना लावून इरेला पेटला तर पाना सटकून कप तरी फुटतो किंवा चौकटीचे आटे तरी जातात. आटे गेले की चौकट भंगारात जाते.

दुकानातल्या मिस्त्रीला हे ठाऊक असते. तो चौकटीवरचे नाव पाहतो, योग्य दिशेने झटका देतो आणि पाच मिनिटांत कप बाहेर काढतो. मालकाला मिळते ते फक्त बिल. किचनमधला स्वयंसेवक इथे थांबतो आणि विचारतो की चौकट कुठल्या देशाची आहे, कपावर काही कोरलेले आहे का, आणि डाव्या बाजूच्या पॅडलचे आटे उलटे का असतात हे माहीत आहे का. (पाय मारताना पडणाऱ्या दाबाने ते आपोआप सैल होऊ नये, म्हणून.) मग मालक स्वतः दिशा ठरवतो आणि स्वतः जोर लावतो. हा दीड तास कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण त्या माणसाने एकदा कप काढला, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, नवे ग्रीस भरून कप असा बसवला की एक्सल खेळतही नाही आणि अडकतही नाही, तर पुढच्या वेळी शेजारच्या स्टँडवर अडलेल्याला तोच सांगतो. स्वयंसेवकांची भरती अशाच पद्धतीने होत गेली.

चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढण्याचे कामही असेच आहे, फक्त त्यात चिकाटी जास्त लागते. रिम ब्रेकच्या एका बाजूला घासते त्या बाजूचा स्पोक सैल करायचा की समोरच्या बाजूचा ओढायचा, आणि निपल (स्पोकच्या टोकाचा नट) पाव फेराच फिरवायचे, ही गोष्ट ऐकून कळते पण हाताला येत नाही. नवशिक्या हमखास जास्त आवळतो. आउट एका जागचा निघतो आणि दुसरीकडे उभा राहतो.

पैसे, वेळ आणि कोण येते

कार्यशाळा विनानफा तत्त्वावर चालते. स्टँडच्या तासाला ठरावीक देणगी अपेक्षित असते. सुरुवातीच्या काळात ती ताशी ७ डॉलर होती, म्हणजे त्या शहरात साध्या जेवणाच्या किमतीएवढी. पैसे नसलेल्याला परत पाठवायचे नाही, अशी भूमिका होती. जुने भाग विकून आणि देणगीत आलेल्या सायकली मार्गी लावून उरलेला खर्च निघे. जागेच्या भाड्याखेरीज मोठा खर्च नव्हता, कारण श्रम स्वयंसेवकांचे होते.

स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारी कुठलीही संस्था ज्यांच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत त्यांच्या कलाने चालते, आणि हे इथेही घडले. कार्यशाळेत येणारा वर्ग पाहता पाहता विद्यार्थी, कलाकार, कुरिअरवाले आणि एकाच गिअरच्या, बिनब्रेकच्या ‘फिक्सी’ सायकलींवर भाळलेली तरुण मुले असा होत गेला. (कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो की कोरड्या सपाट रस्त्यावर एक चाक घसरवून थांबवू शकेल असा ब्रेक सायकलीला असला पाहिजे, पॅडल रोखून मागचे चाक पायांनीच अडवणारे हे तरुण त्या वाक्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावत.) तिथले वातावरण मुलांच्या टोळक्याचे होऊ लागले की मुली मागे हटतात, हे ओळखून सोमवारची संध्याकाळ स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आली. माझ्या मते हा त्या संस्थेचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. पाना मालकाच्या हातातच राहील हा नियम कितीही चांगला असला, तरी भोवती तीन मुलगे उभे असले की पाना आपोआप त्यांच्या हातात जातो. राखीव वेळेमुळे तो नियम पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पाळला गेला.

कार्यशाळेतून रस्त्यावर

याच वर्षांत शहराची सायकल संस्कृती वेगाने बदलली. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ साली ‘क्रिटिकल मास’ ही महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची सामूहिक सायकल फेरी सुरू झाली होती आणि तिचे लोण जगभर गेले होते. लॉस एंजेलिसमध्ये मूठभर मित्रांनी २००४ साली ‘मिडनाइट रिडाझ’ नावाची रात्रीची फेरी काढली. तिचा तोंडवळा निषेधाचा नव्हता, मौजेचा होता. आणि काही वर्षांतच तिच्यात हजाराहून अधिक सायकली जमू लागल्या. रात्री हजार सायकली निघाल्या की पन्नासेक पंक्चर ठरलेलेच. ते रस्त्याकडेला कोण काढतो, टायर रिमवरून कोण उतरवतो, पॅच लावण्याआधी ट्यूब घासावी लागते हे कुणाला माहीत असते, या प्रश्नांची उत्तरे हेलिओट्रोपच्या गाळ्यात तयार होत होती.

पुढच्या घटना सार्वजनिक नोंदीतल्या आहेत. जुलै २०१० मध्ये महापौर अँतोनियो व्हियारायगोसा व्हेनिस बुलव्हारवर सायकल चालवत असताना एक टॅक्सी अचानक आडवी आली, ते पडले आणि त्यांचे कोपर मोडले. महिन्याभरात त्यांनी सायकलस्वारांची परिषद बोलावली. १० ऑक्टोबर २०१० रोजी पहिला ‘सिक्लाव्हिया’ झाला: सुमारे १२ किलोमीटर रस्ता मोटारींना बंद आणि चालणाऱ्यांना, सायकलींना खुला. १९७४ पासून कोलंबियाच्या बोगोटा शहरात दर रविवारी चालणाऱ्या उपक्रमावरून तो घेतला होता. पूर्वेला बॉईल हाइट्समधले हॉलनबेक पार्क आणि पश्चिमेला हेलिओट्रोप–मेलरोझचा चौक अशी त्याची दोन टोके होती. मार्च २०११ मध्ये नगर परिषदेने २,७०० किलोमीटरच्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत सायकलस्वाराला त्रास देणाऱ्या मोटारचालकावर सायकलस्वाराला स्वतः दिवाणी दावा लावता येईल असा शहरी कायदा संमत केला. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरातला तो पहिलाच.

या सगळ्याचे श्रेय एका कार्यशाळेला देणे अतिशयोक्तीचे होईल. महापौरांचे कोपर तिने मोडले नव्हते. परंतु नगर परिषदेच्या सुनावणीला शंभर माणसे जमवायची असतील तर ती आधी कुठेतरी एकमेकांना भेटलेली असावी लागतात, आणि विखुरलेल्या, फुटपाथवर चालणाऱ्यांची वर्दळ नसलेल्या त्या शहरात सायकलस्वारांना विनाकारण भेटण्याची जागा नव्हती. दीड तास एकाच स्टँडपाशी उभे राहावे लागणे, ही दुकानाच्या दृष्टीने अडचण होती. या कामी नेमकी तीच उपयोगी पडली.

ज्यांना शिकायला वेळ नाही

आता दुसरी बाजू. लॉस एंजेलिसमध्ये सायकल चालवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग कधीही सायकलस्वार म्हणून मोजला जात नाही. उपाहारगृहात भांडी घासणारा, बांधकामावर रोजंदारीला जाणारा, रात्रपाळीत साफसफाई करणारा माणूस मेक्सिकोतून किंवा मध्य अमेरिकेतून आलेला असतो, त्याच्याकडे मोटार नसते, आणि बस मध्यरात्रीनंतर तासाला एक. तो स्वस्तातल्या सायकलीवर, बहुधा पदपथावरून आणि बहुधा दिव्याशिवाय जातो. अंधारात पुढचा दिवा लावणे कायद्याने सक्तीचे असल्यामुळे अपघाताची आणि पोलिसांची अशी दुहेरी भीती त्याच्या वाट्याला येते. २००९ साली स्थानिक सायकल संघटनेतल्या काही कार्यकर्त्यांनी ‘सिटी ऑफ लाइट्स’ हा उपक्रम सुरू करून रोजंदारीच्या नाक्यांवर जाऊन दिवे वाटले. मॅकआर्थर पार्कजवळ मध्य अमेरिकी स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या ‘कारेसेन’ या संस्थेची त्यांना साथ होती.

कार्यशाळांनी या माणसाला नाकारले नाही, पण त्यांचा नियम त्याच्या सोयीचा नव्हता. दहा तास उभ्याने काम केलेल्या माणसाला बीबीचे आटे कुठल्या दिशेचे आहेत हे शिकण्याची उमेद नसते. त्याला उद्या पहाटे पाचला चालणारी सायकल हवी असते. शिवाय कार्यशाळा संध्याकाळी उघडी असते आणि उपाहारगृहातल्या माणसाचे काम नेमके संध्याकाळीच असते. स्वतः करा, आम्ही सांगतो, हे तत्त्व समतेच्या भाषेत मांडले गेले, पण वेळ सर्वांकडे सारखा नसतो. माझ्या मते तो नियम मोडायला हवा होता: ज्याची सायकल म्हणजे त्याची रोजी आहे, त्याचे काम स्वयंसेवकाने करून द्यावे आणि शिकवण्याचा आग्रह पोरांपुरता ठेवावा. काही ठिकाणी व्यवहारात असे घडतही असावे, कारण दारात उभ्या असलेल्या थकलेल्या माणसाला नियम सांगणे सोपे नसते.

आकड्यांकडे पाहिले तर उत्साह आवरता घ्यावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये कामाला सायकलीने जाणाऱ्यांचे प्रमाण या सर्व घडामोडींनंतरही एक टक्क्याच्या आसपासच राहिले. आराखड्यातल्या मार्गांपैकी फारच थोडे रस्त्यावर उतरले. इतके थोडे, की मार्च २०२४ मध्ये नागरिकांनी ‘मेझर एचएलए’ हा प्रस्ताव मतदानाने मंजूर करून घेतला आणि रस्त्याचे मोठे डांबरीकरण होईल तेव्हा शहराच्या ‘मोबिलिटी प्लॅन २०३५’ या नंतरच्या वाहतूक आराखड्यातल्या सायकल आणि पादचारी सुधारणा करणे महापालिकेवर बंधनकारक केले.

पुण्याच्या बाजूने पाहता

हा नमुना जसाच्या तसा पुण्यात आणावा असे मला वाटत नाही, कारण लॉस एंजेलिसमध्ये जे नव्हते ते आपल्याकडे होते आणि काही प्रमाणात अजून आहे. पेठांमध्ये आणि उपनगरांच्या नाक्यांवर तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने देणारी दुकाने असत. तिथे भाड्याने देणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच असे. गिऱ्हाईक सायकल परत आणून लावताच तो चाक उचलून फिरवून पाही, ब्रेकशू झिजला असेल तर तिथेच बदली आणि मगच पुढच्याला देई. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात आणि औंधात ॲपवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. त्या योजनांच्या अपयशाला अनेक कारणे होती, पण मोडलेली सायकल फुटपाथवर तशीच उभी राहते तेव्हा तिची देखभाल कोण करणार हे आधी ठरलेले नव्हते, हे साध्या डोळ्यांनाही दिसत होते. नाक्यावरचा सायकलवाला त्या रचनेत कुठेच नव्हता.

म्हणून पुण्यात, कोल्हापुरात किंवा नाशकात कुणी सामुदायिक कार्यशाळा काढणार असेल, तर सुरुवात स्वयंसेवकांपासून न करता अशा एखाद्या मिस्त्रीपासून करावी, आणि त्याला मजुरी द्यावी. शाळकरी मुलामुलींसाठी दुपारी शिकण्याचा वेळ असावा, आठवड्यातली एक संध्याकाळ मुलींसाठी राखीव असावी, आणि त्या वेळात पाना शिकणाऱ्यांच्याच हातात राहावा. मात्र सुरक्षारक्षक, हॉटेलातली पोरे, दूधवाले आणि पेपर टाकणारे यांच्यासाठी वेगळी वेळ हवी. पेपरवाल्याचे काम सकाळी आठला संपते आणि हॉटेलातला मुलगा दुपारी तीन ते पाच मोकळा असतो. त्या वेळांत दार उघडे असावे, आणि त्यांची सायकल मिस्त्रीने दुरुस्त करून द्यावी.